रूटचा अधिकार आणि संयमाचे शिक्षण

लिनक्स प्रणालीवर ‘रूट’ नावाचे एक खाते असते. प्रणालीच्या लेखी त्याचा ओळखक्रमांक शून्य. इतर कोणी फाइल उघडायला गेले की प्रणालीचा गाभा असलेला कर्नल आधी परवानगी तपासतो. रूटला ही तपासणी सहसा अडवत नाही. रूट कोणाचीही फाइल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. कोणाचाही चालू प्रोग्राम थांबवू शकतो, कोणाच्याही नावाने वावरू शकतो. हे सारे केल्याची नोंद ज्या लॉगमध्ये झाली, तो लॉगही तो बदलू शकतो. रुग्णालयांच्या नोंदी, बँकांचे व्यवहार, विद्यापीठांचे निकाल आणि माणसांची खासगी पत्रे आज मोठ्या प्रमाणावर लिनक्स सर्व्हरवर असतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. २०२० मध्ये त्या यादीत ६३वे स्थान मिळवणारा पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ही त्यांतलाच. या यंत्रांची देखभाल करणाऱ्या सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरच्या हाती, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘अॅडमिन’ म्हणतात त्याच्या हाती, हा अधिकार असतो.

अॅडमिन घडवणारे प्रशिक्षण वरवर पाहता निव्वळ तांत्रिक असते. फाइल आणि डिरेक्टरी, वापरकर्ते आणि गट, परवानग्या, चालू प्रोग्राम आणि सेवा, डिस्क, नेटवर्क, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, लॉग वाचणे, बॅकअप घेणे, शेल स्क्रिप्ट लिहिणे, असा त्याचा क्रम. नीतीचा स्वतंत्र धडा त्यात क्वचितच असतो. पण या प्रशिक्षणाच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो तत्त्वज्ञानातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. ज्याला कोणी अडवू शकत नाही आणि ज्याला आपल्या कृत्याच्या खुणा पुसता येतात, त्याने नीट का वागावे? आणि तसे वागायला त्याला शिकवता येते का?

सर्वाधिकार कशासाठी

रूटची कल्पना युनिक्समधून आली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे काम सुरू केले. तेव्हा संगणक महाग होते आणि एकाच यंत्रावर अनेकांना एका वेळी काम करावे लागे. एकाची चूक दुसऱ्याला भोवू नये म्हणून प्रत्येकाच्या फाइलींभोवती कुंपण हवे होते. पण कुंपण घातले की ते ओलांडू शकणारा कोणीतरी लागतोच. नवे खाते उघडणे, डिस्क जोडणे, बेभान झालेला प्रोग्राम थांबवणे, बिघडलेली फाइल दुरुस्त करणे ही कामे कुंपणाच्या आत राहून होत नाहीत. जिथे बिघाड होऊ शकतो तिथे दुरुस्ती करणाऱ्याला जाता आले पाहिजे, आणि बिघाड तर कुठेही होऊ शकतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला सर्वत्र वाट मोकळी ठेवावी लागली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहिला, तेव्हा ही रचना त्यानेही स्वीकारली.

हा सर्वाधिकार सत्तेच्या हौसेतून जन्मलेला नाही, सेवेच्या गरजेतून आलेला आहे. पण गरजेतून आलेली सत्ता म्हणून तिचा धोका कमी होत नाही. दुरुस्तीसाठी उघडलेल्या दारातून डोकावताही येते, चोरीही करता येते आणि पाय घसरून सगळे घर मोडताही येते.

गायजीसची अंगठी

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन हे पात्र गायजीसच्या अंगठीची कथा सांगते. लिडियाच्या राजाच्या चाकरीतल्या एका मेंढपाळाला भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीत एक सोन्याची अंगठी सापडते. तिचे कोंदण आत वळवले की तो अदृश्य होतो, बाहेर वळवले की पुन्हा दिसू लागतो. हे कळताच तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, तिच्या मदतीने राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ग्लॉकॉनचे म्हणणे असे की, अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक न्यायी माणसाला व दुसरी अन्यायी माणसाला दिली असती, तर दोघेही सारखेच वागले असते. माणूस न्यायाने वागतो तो पकडले जाण्याच्या भीतीने. भीती गेली की न्यायही जातो.

रूट हे या अंगठीचे प्रत्यक्षात आलेले रूप आहे. त्याला सर्व दिसते आणि ठरवले तर तो कोणालाही दिसत नाही. त्यामुळे ग्लॉकॉनचा आरोप अॅडमिनच्या बाबतीत केवळ कल्पनेतला राहत नाही.

या आरोपाला सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर पहाऱ्याचे. अॅडमिनवर नजर ठेवणारा दुसरा कोणी नेमावा. पण नजर ठेवायला त्या दुसऱ्यालाही तितकाच अधिकार लागतो आणि मग त्याच्यावर नजर ठेवायला तिसरा. ही साखळी कुठेच संपत नाही. दुसरे उत्तर सद्गुणाचे, आणि सॉक्रेटिस ‘रिपब्लिक’मध्ये पुढे तेच मांडतो. न्याय ही आत्म्याची सुव्यवस्था आहे आणि अन्यायी माणूस आपल्याच आत कलह पेरतो. म्हणून अदृश्य असतानाही न्यायाने वागण्यात माणसाचे हित आहे.

हे उत्तर खोल आहे, पण अॅडमिनच्या कामाला पुरत नाही. त्याचे कारण ग्लॉकॉनच्या कथेतच आहे. त्या कथेला फक्त दुष्ट हेतूची चिंता आहे. रूटच्या हातून होणारे नुकसान मात्र चांगल्या हेतूच्या माणसांकडूनही होते. पहाटे तीनला थकलेला प्रामाणिक अॅडमिन चुकीच्या खिडकीत चुकीची कमांड टाकतो आणि हजारो माणसांचे काम नाहीसे होते. सद्गुण हेतू शुद्ध करतो. थकलेल्या हाताची चूक तो थांबवत नाही.

चांगले प्रशिक्षण या दोन्ही उत्तरांच्या मधला एक तिसरा मार्ग शिकवते, आणि तो तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अंगठी ज्याच्या हाती आहे त्यानेच, मोहाचा आणि थकव्याचा क्षण येण्याआधी, आपली अदृश्यता आणि आपली ताकद कमी करणारी व्यवस्था उभारायची. सर्वाधिकाराचा पहिला योग्य वापर म्हणजे त्या अधिकाराला सीमा घालणे.

सीमा घालण्याची कौशल्ये

परवानग्यांचा धडा अभ्यासक्रमात सुरुवातीलाच येतो. लिनक्समधल्या प्रत्येक फाइलीवर मालक, गट आणि इतर अशा तीन वर्गांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ धरून त्या अंकांत मांडतात. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येते, बाकीच्यांना फक्त वाचता येते. ६०० म्हणजे मालकाशिवाय कोणालाच काही नाही. नवशिक्याला एक मोह हमखास होतो. एखादा प्रोग्राम परवानगीअभावी अडला की तो फाइलीला ७७७ देऊन मोकळा होतो, म्हणजे सर्वांना सर्व काही खुले. काम चालू होते, म्हणून ते बरोबर वाटते. चांगला शिक्षक ही सवय सर्वांत आधी मोडतो. तो विद्यार्थ्याला विचारायला लावतो की या प्रोग्रामला नेमके काय लागते आणि त्याहून कमी देऊन भागेल का.

या विचाराला जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तत्त्वाचे रूप दिले. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. यात माणसाविषयी अविश्वास नाही. माणूस चुकतो, त्याचा पासवर्ड चोरीला जातो, त्याच्या प्रोग्राममध्ये दोष निघतात, आणि अधिकार जितका मोठा तितकी चूकही मोठी होते, एवढेच त्यात गृहीत धरले आहे. अपरिग्रहाचा उपदेश साधकाला जे सांगतो ते इथे यंत्राच्या व्यवस्थेत उतरलेले दिसते. जे लागत नाही ते जवळ बाळगू नये, कारण जवळ असलेले कधीतरी वापरले जाते.

पुढचा धडा नावाचा. जुन्या काळी अॅडमिन सरळ रूट म्हणून लॉगिन करत. पाच जणांना रूटचा पासवर्ड ठाऊक असला की कोणी काय केले हे सांगता येत नसे, कारण लॉगमध्ये पाचांचेही नाव एकच, रूट. १९८०च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या केंद्रात ‘सुडो’ हा प्रोग्राम लिहिला. त्याच्यामुळे माणूस आपल्या साध्या खात्यात राहतो आणि गरजेची एखादीच कमांड रूटच्या अधिकाराने चालवतो. कोणाला कोणती कमांड चालवता येईल हे आधी ठरवून ठेवता येते आणि प्रत्येक वापर खऱ्या नावाने नोंदला जातो. म्हणूनच आज सर्व्हरवर दुरून थेट रूट म्हणून लॉगिन करण्याची सोय बंद ठेवायला शिकवतात. अंगठी घालताना आपले नाव सांगावे लागावे, अशी ही तजवीज आहे.

सुडो पहिल्यांदा वापरणाऱ्याला अनेक प्रणालींवर पडद्यावर एक छोटी समज दिसते. तिच्यात तीन गोष्टी असतात. इतरांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते हे ध्यानात ठेवा. तांत्रिक साधनाने अधिकार देण्याच्या क्षणी नीतीची आठवण द्यावी, हे दुर्मीळ आहे. या तीन ओळींत संयमाची तीन क्षेत्रे नेमकी येतात. पहिली मोहाबद्दल आहे, दुसरी निष्काळजीपणाबद्दल आणि तिसरी अधिकाराच्या स्वरूपाबद्दल.

तिसरा धडा न जाणण्याचा. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलीत ठेवलेले असत. एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली संपादित करत असताना गफलत झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये पासवर्डांच्या सुरक्षेवर जो निबंध लिहिला, त्यातली पद्धत आजच्या पद्धतीचा पाया आहे. पासवर्ड साठवलाच जात नाही. त्याच्यावर गणिती क्रिया करून जे उरते ते साठवतात, आणि त्यावरून मूळ पासवर्ड सरळ काढता येत नाही. त्यामुळे रूट एखाद्याचा पासवर्ड बदलू शकतो, पण त्या साठवणीतून तो वाचू शकत नाही. बदलला तर मालकाला पुढच्याच लॉगिनला कळते. सर्व काही पाहू शकणाऱ्याने एक गोष्ट पाहता येऊ नये असे ठरवले आणि तसे यंत्र रचले.

चौथा धडा लॉगचा. यंत्रावरच्या नोंदी त्याच यंत्राच्या रूटला पुसता येतात. म्हणून त्या लगेच दुसऱ्या यंत्राकडे पाठवायच्या, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर पहिल्याच्या अॅडमिनला पुसण्याचा अधिकार द्यायचा नाही, ही पद्धत शिकवली जाते. गंमत वाटावी इतकी साधी ही युक्ती आहे, पण ग्लॉकॉनच्या प्रश्नाला ती थेट भिडते. अदृश्य होण्याची शक्ती यंत्रात होती. अॅडमिनने ती स्वतःहून दुसऱ्याच्या हाती दिली.

सीमा घालण्याचा हा विचार कर्नलपर्यंतही पोचला. १९९९ मधल्या २.२ या आवृत्तीत रूटच्या एकसंध अधिकाराचे तुकडे करण्याची सोय आली. वेळ बदलणे, नेटवर्क हाताळणे, फाइलींच्या परवानग्या ओलांडणे अशा वेगवेगळ्या शक्ती वेगवेगळ्या देता येऊ लागल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या अखेरीस खुल्या केलेल्या एसई-लिनक्स या सुरक्षा व्यवस्थेमुळे रूटच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामलाही ठरवून दिलेल्या धोरणाबाहेर जाता येईनासे झाले. अमर्याद सत्ता मर्यादित करता येत नाही, हे तर्काला पटण्यासारखे वाटते. पण सत्तेला हवे असेल तर तसे करता येते, हे या तीस-चाळीस वर्षांच्या इतिहासाने दाखवले आहे.

मागे घेता न येणारे अस्त्र

टर्मिनलवर पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. पुसण्याची कमांड नावांची यादी घेते, काम करते आणि गप्प राहते. रूटच्या हातात ही कमांड आली की तिला अडवणारे फारसे काही उरत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा सर्वांत गंभीर भाग कमांड चालवण्याचा नाही, चाललेली कमांड निस्तरण्याचा आहे.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात या भेदाचे मोठे चित्र आहे. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो आणि त्याला उत्तर म्हणून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. दोन्ही अस्त्रांनी सृष्टी जळून जाईल म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि दोघांनाही अस्त्र मागे घ्यायला सांगतात. अर्जुन ते मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. सोडण्याची विद्या दोघांनाही एकाच गुरूने दिली होती. मागे घेण्यासाठी जो आत्मसंयम लागतो तो अर्जुनाने आयुष्यभर कमावला होता, अश्वत्थाम्याने नाही. अखेर त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भाकडे वळते. विद्या मिळणे आणि विद्येला पात्र असणे यांतले अंतर व्यासांनी या प्रसंगात दाखवले आहे. द्रोणाने मुलाच्या हट्टापायी अस्त्र दिले, मागे घेण्याची तयारी झाली आहे का हे पाहिले नाही. त्या शिक्षणातला हा दोष होता.

अॅडमिनच्या जगात मागे घेण्याची विद्या म्हणजे बॅकअप. ती केवळ बॅकअप घेण्याने पुरी होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत हे जगासमोर आले. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी रिकामी करायची म्हणून एका अभियंत्याने कमांड दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर चालली. क्षणात चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कंपनीकडे होत्या, पण गरजेच्या वेळी त्या कामी आल्या नाहीत. एका व्यवस्थेत डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्याने बॅकअप होतच नव्हता, आणि तसे कळवणारे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. त्याच अभियंत्याने घटनेच्या सुमारे सहा तास आधी वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून प्रणाली उभी राहिली. मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने सारा तपशील जाहीर केला आणि दोष एका माणसाच्या माथी न मारता व्यवस्थेत शोधला.

या घटनेतून अॅडमिनच्या शिक्षणाचा एक नियम स्पष्ट होतो. परत उभी करून पाहिली नाही तोवर बॅकअपची फाइल ही केवळ आशा असते. म्हणून नियमित वेळी, काहीही बिघडलेले नसताना, बॅकअपवरून यंत्र पुन्हा उभे करण्याचा सराव करावा लागतो. त्यात एक नम्रता आहे. आपल्या हातून एक दिवस मोठी चूक होणार आहे हे मान्य करून त्या दिवसाची तयारी आज करायची.

मालक की विश्वस्त

सत्तेला सीमा घालण्यात एक उलटा धोकाही असतो. आपण इतके काळजीवाहू आहोत तर आपल्याशिवाय कोणालाच यंत्राला हात लावू देऊ नये, असे अॅडमिनला वाटू लागते. सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ मध्ये हे घडले. शहराच्या नेटवर्कची जबाबदारी सांभाळणाऱ्या टेरी चाइल्ड्सने वरिष्ठांना पासवर्ड द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली आणि अखेर तुरुंगात भेटायला आलेल्या महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याकडे त्याने ते दिले. त्या दिवसांत नेटवर्क व्यवस्थित चालू होते. त्याचे म्हणणे असे की मागणारे लोक ते सांभाळण्यास लायक नव्हते. २०१० मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली.

त्याने काही चोरले नाही, काही मोडले नाही. त्याच्या कौशल्याबद्दलही शंका नव्हती. तरी तो चुकला. त्याच्या काळजीचे रूपांतर मालकीत झाले होते. गांधीजींनी संपत्तीसाठी मांडलेली विश्वस्ताची कल्पना इथे अचूक लागू पडते. विश्वस्ताजवळ ठेव असते, ती त्याची नसते. आणि ज्यांची ती आहे त्यांना ती केव्हाही परत मागता आली पाहिजे. म्हणून अॅडमिनच्या प्रशिक्षणात कागदपत्रे लिहिण्याला महत्त्व आहे. कोणती सेवा कुठे चालते, ती बंद पडली तर काय करायचे, कोणत्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे लिहून ठेवणारा माणूस आपली जागा दुसऱ्याला घेता येईल अशी सोय करतो. आपल्यावाचून काम अडू नये अशी व्यवस्था मनापासून करणे, हा अहंकारावरचा एक अवघड विजय आहे.

सराव आणि स्वभाव

हे सारे नियम पाठ करता येतात. पण पाठ असणे म्हणजे येणे नव्हे. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल यांनी १९४९ मधल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात माहिती असणे आणि करता येणे यांत भेद केला. करता येणे म्हणजे डोक्यात आधी नियम म्हणून मग हात हलवणे नव्हे; ते कृतीतच दिसते. रेड हॅटसारख्या संस्थांच्या अॅडमिन परीक्षा याच भेदावर उभ्या आहेत. त्यांत पर्यायी उत्तरांचे प्रश्न नसतात, चालू यंत्र समोर असते आणि त्याच्यावर कामे करून दाखवायची असतात. केलेले काम यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकले पाहिजे. तात्पुरते जमवलेले काम तिथे मोजले जात नाही.

संयमही असाच करता येण्याचा भाग आहे. अॅरिस्टॉटलने ‘निकोमखियन एथिक्स’मध्ये म्हटल्याप्रमाणे माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो, सद्गुण हा सरावाने मुरलेला स्वभाव आहे. पुसण्याआधी तीच यादी नुसती छापून पाहणे, कोणत्या यंत्रावर आहोत हे दर वेळी तपासणे, बदल करण्याआधी जुन्या फाइलीची प्रत ठेवणे, दुसऱ्याच्या डिरेक्टरीत कामापुरतेच पाहून बाहेर पडणे, मोठ्या बदलाच्या वेळी सहकाऱ्याला शेजारी बसवणे, या सवयी बारीक आहेत. पण थकव्याच्या वेळी माणसाला सिद्धान्त आठवत नाही, हाताला लागलेली सवय काम करते. चांगला शिक्षक म्हणूनच या सवयी लागेपर्यंत विद्यार्थ्याला मोडून पुन्हा उभारता येणाऱ्या आभासी यंत्रांवर ठेवतो.

इथे एक शंका उरते. जो नियमांच्या वर आहे त्याने साध्या वापरकर्त्याचे नियम का पाळावेत? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण स्वतःचेच उदाहरण देतो. तिन्ही लोकांत मिळवायचे काहीच उरले नसूनही तो कर्म करतो, कारण श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात आणि त्याने कर्म टाकले तर लोकव्यवस्था मोडेल. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाच्या या विचाराला मध्यवर्ती जागा दिली. अॅडमिनचेही तसेच आहे. तो घाईत ७७७ देतो तेव्हा त्याच्या हाताखालचे तेच शिकतात. तो रूटचा पासवर्ड कागदावर चिकटवतो तेव्हा सबंध कार्यालय पासवर्डाला किंमत देईनासे होते. त्याच्यावर नियमांची सक्ती नाही, म्हणूनच त्याने ते पाळण्याला वजन आहे.

विश्वासाचा उरलेला भाग

या सर्व व्यवस्थांनी विश्वासाची गरज संपते का? केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात याचे उत्तर नकारार्थी दिले. त्यांनी दाखवले की मूळ कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये असा बदल करता येतो की तो लॉगिन प्रोग्राममध्ये गुपचूप चोरदार ठेवील, आणि कंपायलर पुन्हा बनवताना हा बदलही स्वतःहून त्यात घालील. मग मूळ कोड कितीही वाचला तरी त्यात काहीच सापडणार नाही. शेवटी कोणत्या तरी माणसावर विश्वास ठेवावाच लागतो.

२०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. असंख्य लिनक्स यंत्रांवर असलेल्या एक्सझेड या छोट्या प्रकल्पात टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी दीर्घकाळ उपयोगी काम करून विश्वास मिळवला, देखभालीचा अधिकार मिळवला आणि मग त्यात चोरदार घातले. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने कारण शोधायचे ठरवले आणि २९ मार्चला सारा प्रकार जाहीर केला. ज्या व्यवस्थेतून तो धोका आत आला तीही विश्वासावर चालत होती, आणि तो पकडला गेला तोही एका माणसाच्या चिकाटीमुळे.

विश्वासाच्या या उरलेल्या भागात एक प्रश्न कोणतेही तंत्र सोडवू शकत नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे पत्रकारांना दिली. त्याने तिथे कंत्राटी अॅडमिन म्हणून काम केले होते आणि त्या कामातून मिळालेली वाट त्याने वापरली. काहींना तो विश्वासघात वाटतो, काहींना नागरिकांप्रती पाळलेले कर्तव्य. अमेरिकेतल्या अॅडमिनांच्या व्यावसायिक संघटनांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेत मालकाची आणि वापरकर्त्यांची गुपिते राखणे आणि समाजाप्रती जबाबदारी बाळगणे, दोन्ही कर्तव्ये आहेत; त्यांच्यात संघर्ष झाला तर कोणते वरचढ हे कोणतीही यादी ठरवून देत नाही. स्नोडेनच्या घटनेनंतर राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संचालकांनी स्वयंचलित व्यवस्था आणून अॅडमिनांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचा इरादा जाहीर केला. पण स्वयंचलित व्यवस्था लिहिणारा आणि चालवणारा माणूस राहतोच. अधिकार नाहीसा झाला नाही, तो थोड्या हातांत गोळा झाला.

म्हणून ग्लॉकॉनच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. अदृश्य माणूस नीट वागेल की नाही या चर्चेआधी त्याने अदृश्य राहू नये याची सोय करता येते. ती सोय त्यालाच करावी लागते, आणि ती करायला शिकवता येते. परवानग्या, नावानिशी नोंद, न वाचता येणारे पासवर्ड, दुसरीकडे ठेवलेले लॉग, तपासलेले बॅकअप आणि लिहिलेली कागदपत्रे हा त्या शिक्षणाचा ठोस अभ्यासक्रम आहे. पण ही व्यवस्था उभारण्याची इच्छा व्यवस्थेतून येत नाही. आपल्या सत्तेला सीमा घालावी असे ज्याला वाटते, त्याच्यापासूनच ती सुरू होते. सद्गुणाची गरज इथे नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. मोहाच्या किंवा थकव्याच्या क्षणी लागणारे धैर्य थोड्यांकडेच असते. तो क्षण येण्याआधी शांत चित्ताने आपले हात बांधून घेण्याचा शहाणपणा मात्र बहुतेकांना सरावाने मिळवता येतो. लिनक्स अॅडमिनचे चांगले प्रशिक्षण हा शहाणपणा देते, आणि कौशल्य व नीती हे त्यात दोन वेगळे विषय राहत नाहीत.